हातीचोकाचा वाफा

८ जून १९५२
अलिबागेहून बदली होऊन पनवेलीत आलो. शाळा बरी, घर तर झकास! मालक सॉलोमनभाऊ सहकुटुंब इस्रायलला गेले आणि मागे हे घर नि परसात माजलेलं रान ठेवून गेले. रानात त्यांचा हातीचोक अजून तग धरून आहे. सूर्यफुलाचा भाऊबंद, जमिनीखाली आल्याच्या गड्ड्यांसारखे कंद. मटणात घाला, बोटं चाटाल, असं त्यांनी पत्रात लिहिलंय. बायको रूबीचे दिवस भरत आलेत, तेव्हा परस मलाच साफ करायचंय.

१९ जून
मुलगी झाली! लग्नानंतर नऊ वर्षांनी. नाव जोकबेद. सुईण कृष्णाबाईनं पोरीची वार नाळेसकट मडक्यात घालून परसात पुरली, वर दगड ठेवला. मला बजावलं, "मास्तर, हितं कुदळ लावू नका. वारंला धक्का लागला तं पोरीला लागतो." मी मान डोलावली आणि मनात हसलो.

२९ जून
रान काढलं. सगळी जमीन खडकाळ, मऊ जागा एकच, वार पुरलेली. दगड सरकवला, हातीचोकाच्या जुन्या कंदांचे तुकडे करून तिथेच लावले. कुदळ मडक्याला लागली, खापर फुटलं. तेवढ्यात आत जोकबेद किंचाळली. पोटात वायू धरला असेल. रूबीला काही बोललो नाही.

१७ ऑगस्ट
हातीचोक माझ्या डोक्यावर गेलाय. पोर मात्र वाळत चाललीय. डॉक्टर म्हणतात, दूध अंगी लागत नाही. रूबी पाजते आणि रडते.

५ ऑक्टोबर
एक कंद उकरून मोडला. आतून पांढरा रस आला. वास रूबीच्या दुधाचा.
कृष्णाबाईला सगळं कबूल केलं. तिनं कपाळावर हात मारला. म्हणाली, सगळं उपटून जाळा, एक तुकडा राहिला तरी तो पोरीचंच पिऊन वाढेल. लाजेनं मेलो.

६ ऑक्टोबर
दिवसभर खणलं. दोन टोपल्या कंद जाळले. जोकबेद पोटभर प्यायली. देवा, तुझे उपकार.

९ ऑक्टोबर
पुन्हा कोंब. विहिरीपाशी, पायरीपाशी. माझ्याच कुदळीनं तुकडे पसरले. पोरीनं दूध सोडलं.

११ ऑक्टोबर
आज शब्बाथ, काम वर्ज्य. जन्मात पहिल्यांदा शब्बाथला कुदळ उचलली. रूबीला खरं सांगितलं. ती खुरपं घेऊन शेजारी बसली. संपत नाही — खणावं तितकं —

१२ ऑक्टोबर, सकाळ
घरात. पाळण्याखालची सारवलेली जमीन उकललीय —
कोंब नाही, दोरासारखं मूळ. वर चढलंय. दुपट्यात शिरलंय.
दुपटं सोडलं. बेंबीत —
ओढलं तर पोर निळी पडते. सोडलं तर मूळ फुगतं, पोर सुकते. कापायला विळा आणला, धरवत नाही, खाली ठेवून हे लिहितोय —
रूबीनं विळा परत माझ्या हातात दिला. म्हणते, तुम्ही लावलंत, तुम्हीच काप—