खिडकीतून एक ओळ

३ मार्च, मंगळवार
संध्याकाळचे साडेसहा

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, माझा डावा गुडघा सोडला तर. तुझ्या तब्येतीचं पुढे विचारतेच, पण आधी बातमी सांगू दे, नाहीतर माझं पोट फुटेल. बाबांचं पेन लिहायला लागलं. हे पत्र त्यानेच लिहितेय. ‘प्रिय’ जरा फिकं उमटलंय, पण ‘दादा’ बघ कसं ठसठशीत आलंय.

चौदा वर्षं बंद होतं रे. शाई आत सुकून दगड झाली होती आणि शाई ओढायची मागची चकती काही केल्या फिरत नव्हती. आज लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारला आणि पुन्हा हात लावला. आधी कुरकुर केली, मग पाव वळसा, मग सरळ फिरलीच. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारी कवळीला पॉलिश करणाऱ्या बाईंच्या हातून कवळी निसटली. कवळी शाबूत आहे. ज्या आजोबांची आहे त्यांना यातलं काही कळणार नाही.

तुला ठाऊक नसेल (असं अजून धरून चालते) की मी शाईच्या पेनांचा एक ऑनलाइन ग्रुप चालवते. ‘दौत’ नावाचा. चार हजार माणसं आहेत. दिवसभर दात करून डोळे शिणतात आणि मी घरी येऊन आणखी बारीक काम करते, म्हणून लेक हसते मला. पण निबेच्या दोन पाकळ्यांमध्ये केसाएवढी फट बरोबर पडली आणि शाई खाली उतरली की जो आनंद होतो, तो तिला कसा सांगू?

आमच्याकडे कडक नियम एकच. राजकारण नाही. झालं असं की तीन वर्षांपूर्वी, ऐन निवडणुकीत, एका मास्तरांनी जांभळ्या शाईचा फोटो टाकला. खाली कुणीतरी विचारलं, ‘हा रंग कुठल्या पक्षाचा ते माहीत आहे ना?’ संध्याकाळपर्यंत दोनशे निरोप, त्यात शाईबद्दल एक नाही. एका दंतवैद्याने एका बस कंडक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हे दोघे आदल्या आठवड्यापर्यंत एकमेकांना कुरिअरने निबा पाठवत होते. मग लोक पेन दुरुस्त करून नमुन्याला घोषणाच लिहायला लागले. तेव्हा मी फर्मान काढलं. पेन दुरुस्त झालं की नमुना म्हणून हाताने लिहिलेल्या एकाच ओळीचा फोटो टाकायचा, आणि तीही आपल्या खिडकीतून जे दिसतं तेवढीच.

लोक आधी चिडले. शंभरेक सोडून गेले. आणि मग दादा, काय बहार आली म्हणून सांगू. कुणाच्या खिडकीत वाळत घातलेले मोजे, कुणाच्या खिडकीत क्रेन. कंडक्टरने लिहिलं, ‘खिडकीतून: डेपो, आणि रुसून बसलेली बावीस नंबर.’ त्याला पहिली दाद दंतवैद्याने दिली. कोण कुणाला मत देतं ते आजही कुणाला माहीत नाही, पण कुणाच्या कुंडीला कधी कळी आली ते सगळ्यांना माहीत.

त्यात ‘डाग’ नावाचा एक सभासद होता. अडीच वर्षांपूर्वी आला. गप्पा नाहीत, नमस्कार-चमत्कार नाहीत, नुसते नमुने. पहिला होता, ‘खिडकीतून: गच्चीवर टाकी, टाकीवर कावळा. कावळ्याला काम नाही.’

आता नाटक पुरे. तो ‘र’ मी ओळखणार नाही? बाबांनी पट्टी घेऊन गिरवून घेतला होता आपल्याकडून. आणि कावळ्याला कामावरून बोलणारा माणूस माझ्या ओळखीत एकच.

मी काही बोलले नाही. बोलले तर तू जाशील, ही भीती. रोज सकाळी चहा ठेवला की आधी टाकी आणि कावळा बघायचे. चार वर्षांत आपण एकमेकांशी चकार शब्द बोललो नाही, पण तुझ्या समोरच्या गच्चीला पांढरा रंग लागला ते मला त्याच दिवशी कळलं.

नोव्हेंबरात तुझ्या ओळींतून टाकी गेली. ‘खिडकीतून: गाड्यांची रांग, एक रुग्णवाहिका, समोर सगळे पडदे हिरवे.’ असं एकोणीस दिवस. दादा, मला पहिल्याच दिवशी समजलं होतं. फोन हातात घेतला, तुझा नंबर काढला आणि ठेवून दिला. स्वतःला सांगितलं, ग्रुपवरच्या माणसाची खासगी चौकशी करायची नसते, नियम आहे. असा काही नियम नाही. नियम राजकारणाचा आहे, आणि तोही जांभळ्या शाईमुळे झालेला नाही. तो माझ्या जेवणाच्या टेबलावरून आलाय. चार वर्षांपूर्वी त्या रात्री तू तुझ्या पक्षाची बाजू घेतलीस, मी माझ्या, आणि मी म्हणाले की बाबा असते तर त्यांना तुझी लाज वाटली असती. ताट उचललंस, धुतलंस, पालथं घातलंस आणि गेलास. मला तेव्हा तोंड आवरता आलं नाही, म्हणून मी चार हजार माणसांची तोंडं बांधली.

एकोणीस दिवस तू तिथे होतास आणि मी चहा पीत तुझ्या ओळी वाचत होते. याची मला लाज वाटते. माझीच.

आता पेनाचं. मागच्या बुधवारी मी त्याचा फोटो टाकला. बंद पेन, टोपण लावलेलं, कुणाचं ते लिहिलं नाही. सगळ्यांनी एकच सांगितलं, सगळं सुटं करून स्पिरिटमध्ये टाका. मी बाटली उघडलीसुद्धा. चार मिनिटांत ‘डाग’ उगवला. ‘टोपण स्पिरिटमध्ये घालू नका. आतली भेग नेलपॉलिशने सांधलीय, सुटेल. बाकीचं कोमट पाण्यात तीन दिवस ठेवा, पाणी रोज बदला.’

दादा, ती भेग बाहेरून दिसत नाही. ती आता जगात दोघांनाच माहीत आहे. तू तेराचा, मी नऊची, आणि आईची नेलपॉलिशची बाटली पलंगाखाली.

तू लगेच पुसलंस, पण माझं वाचून झालं होतं. मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. आनंदाने काय करावं सुचेना. उत्तर लिहायला परत आले तर पडद्यावर एकच वाक्य, ‘डाग यांनी ग्रुप सोडला.’

तेव्हापासून तुझी खिडकी बंद आहे. तू उठलास का, जेवलास का, पुन्हा त्या हिरव्या पडद्यांसमोर तर नाहीस ना, काही कळत नाही. काल लेक म्हणाली, ‘अगं, ग्रुप सोडला म्हणून पत्ता थोडाच सोडलाय त्याने.’ पोरगी कधीकधी माझ्यावर गेल्यासारखी बोलते.

तर ये. नियम ग्रुपचा आहे, घराचा नाही. पाहिजे तेवढं राजकारण बोल, मीही बोलेन, ताट मात्र मी धुईन. आणि यायचं नसेल तर एक ओळ तरी पाठव.

खिडकीतून: फाटक. पोस्टमन येतो तेच.

वाट बघणारी,
ठकी

*

९ मार्च, सोमवार

ठके,

पत्र पोचलं. पेनाची निबेखालची जीभ अजून जराशी डावीकडे आहे, तुझे काने जाड येताहेत. मी आल्यावर बघतो.

ग्रुपमधून रागाने गेलो नाही. चोरी पकडल्यावर पोरं पळतात तसा पळालो, वय एकसष्ट. ग्रुप कोण चालवतं ते बघूनच तर आत आलो होतो. नाहीतर मला रोज पेन दुरुस्त करायला वेड लागलंय? घरात चालू पेनं दोन. तीच आलटून पालटून खोलायचो आणि जोडायचो, नमुना टाकता यावा म्हणून.

हॉस्पिटलात माझी खाट भिंतीकडे होती. तिथल्या सिस्टरच्या मागे लागून दुसऱ्या दिवशी खिडकीशी हलवून घेतली. भिंतीबद्दल तुला काय लिहिणार होतो? आता हृदयाची झडप नीट चालते. डॉक्टर म्हणतात चिडायचं नाही. ते आपण शनिवारी बघू.

तू फोन केला नाहीस हे मला लागलं होतं. खोटं कशाला बोलू. पण माझ्या प्रत्येक ओळीला पहिली दाद ॲडमिनची असायची, पहाटे सहा वाजता. मी ती बघून गोळी घ्यायचो.

आणि तू म्हणालीस ते. चार वर्षं विचार केला. बाबांना माझी लाज वाटली असती हे खरं आहे, पण मतामुळे नाही. टोपण मी पाडलं आणि बाबांची बोलणी तू खाल्लीस. मी पलंगाखाली गप्प बसून ऐकत होतो. तेवढं आधी तुझ्यासमोर कबूल करायचं आहे, मग माझ्या पक्षाकडे वळू. माझं मत बदललेलं नाही. तुझंही बदललं नसेल अशी आशा आहे, नाहीतर बोलायचं काय.

शनिवारी अकराच्या गाडीने येतो.

खिडकीतून: टाकी, कावळा. आज चोचीत काडी आहे. कामाला लागलाय.

तुझाच,
दादा