मासिक नेटवर गेलं तेव्हा

आप्पा,

आज मुरबाडला सकाळपासून धुकं आहे. आपल्या मासिकाच्या खोलीतून समोरचा रस्ता दिसत नाही, नुसते कल्याणच्या जिपांचे आवाज येतात. वाटतं, त्यातल्याच एखादीतून तुम्ही उतराल. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी वाटतं.

शहापूरच्या छापखान्यातून अंक यायचा तो दिवस मला स्वयंपाकघरासकट आठवतो. आई चुलीवर खळ शिजवतेय, तुम्ही मांडी घालून अंकांना वेष्टनं चिकटवताय, मी पत्ते लिहितेय. एकदा उंबरमाळीच्या एका बाईंचं पत्र अंकात होतं, आणि छापायला देताना मी त्यातल्या प्रत्येक ‘नाय’चं ‘नाही’ केलं होतं. तुमच्या ते लक्षात आलं. खळीचा हात तसाच धरून म्हणालात, “ती अशी बोलते का गो? तिच्या तोंडात आपली भाषा कशाला घालतेस?” मी खाली मान घालून पत्ते लिहीत राहिले.

तुमच्यामागे मासिक मीच चालवलं. पण कागद महागला, छापखाना लग्नपत्रिकांत गुंतला, अंक रखडू लागला. भातावरच्या रोगाची माहिती लोकांच्या हाती पडायची ती कापणी झाल्यावर. शेवटी ठरवलं, सगळं आधी इंटरनेटवर टाकायचं आणि छापील अंक फक्त दिवाळीला काढायचा.

हे कळल्यावर त्या उंबरमाळीच्या बाई शहापूरला एसटी बदलून थेट इथं आल्या. आता पार म्हाताऱ्या झाल्यात. दारातूनच म्हणाल्या, “आमचं पुस्तक बंद केलंस?”

“बंद नाही मावशी, कम्प्युटरवर येतं.”

“आमच्याकडं लाइट टिकत नाय, कम्प्युटर कुठला?”

मी त्यांना चहा दिला आणि पडद्यावरचं एक पान वाचून दाखवलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “आता मी सांगते, तू लिव.” नवी नवरी असताना सासू माळावरून पदरात करवंदं बांधून आणायची आणि कुणाला न दाखवता त्यांच्या हातात द्यायची, ते सांगत राहिल्या. मी त्यांच्याच शब्दांत टाइप केलं आणि तिथंच नेटवर टाकलं.

“गेलं?”

“गेलं.”

“कुठवर?”

कुठवर ते मलाही ठाऊक नव्हतं. काही दिवसांनी मस्कतहून उत्तर आलं. आपल्याच तालुक्यातली मुलगी, तिथं नर्स आहे. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं: माझी आई अशीच बोलायची, ड्युटीवरून आल्यापासून हेच वाचत बसलेय. मी बाईंच्या गावातल्या दुकानात फोन लावून त्यांना बोलावलं आणि ते वाचून दाखवलं. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, “तिला कळव, आदी जेवून घे म्हनावं.”

मी तसंच कळवलं.

हे पत्र मात्र टपालात पडणार नाही आणि नेटवरही जाणार नाही. लोक मला विचारतात, छापील अंकाच्या वासाची आठवण येते का? मी हो म्हणते. खरं सांगू आप्पा? त्या शाईच्या वासानं माझं डोकं दुखायचं. तुमच्या शर्टाला तोच यायचा, म्हणून कधी बोलले नाही.