नकाशातून गळलेला ओढा

रायापूर, धारवाड
४ जानेवारी १९८७

चि. वसंत यास,
अक्काचा सप्रेम जयभीम. वि. वि.

सुशीलाला आठवा महिना लागला, तिला जपतोस ना? की तुझ्या हातचा करपलेला भात तीच निवडत बसते?

सुट्टीच्या दिवशी मी मागच्या तळ्यावर जाते, तू म्हणतोस तसं, बदकांची हजेरी घ्यायला. आज चक्रवाकाची सात जोडपी होती. पण तळ्याला पाणी आणणाऱ्या ओढ्यात कुणीतरी लाल खुंट्या ठोकल्यात. प्लॉट पडणार म्हणे. ओढा बुजला तर दोन उन्हाळ्यांत तळं कोरडं. मला राहवेना. धुणं धुवायला आलेल्या दुर्गव्वाला हाताशी घेतलं आणि सगळ्या खुंट्या उपटल्या. ती म्हणाली, कुणी विचारलं तर म्हशींनी पाडल्या म्हणून सांगू.

तू मोजणीच्या कामातला. दाद कुठे मागायची ते लगेच कळव. लोभ आहेच, उत्तराला उशीर केलास तर आटेल.

तुझी,
चंद्रभागा अक्का


हुबळी
११ जानेवारी १९८७

ती. अक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी प्लॉट पाडणारे आमचे मालक खुंट्यांवरून ऑफिसात आरडाओरडा करत होते. अक्का, त्या खुंट्या मीच ठोकल्या.

ओढा मी मोजला होता, रुंदी-खोलीसकट. मालक म्हणाले, ही पावसाळ्यातली घळ, हिला ओढा म्हणू नकोस, दुसरा नकाशा काढ. मी काढला आणि सही केली. तुला सांगायला निघालो होतो, बसस्टँडवरूनच परत फिरलो. पहिला नकाशा फाडायला सांगितलं होतं. तेवढं मात्र हातून झालं नाही.

खुंट्यांना पुन्हा हात लावू नकोस, आता राखणदार बसवलाय. मंजुरी देणाऱ्या साहेबांकडे महिनाअखेरपर्यंत हरकत घेता येते. मी सांगितलं हे कुणाला कळू देऊ नकोस. सुशीलालाही यातलं काही ठाऊक नाही.

शिव्या दे, पण पत्र लिही.

तुझा,
वसंत


रायापूर
२२ जानेवारी १९८७

चि. वसंत यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र आठ दिवस पिशवीत घेऊन फिरते आहे. शाळेत फळ्यावर काय लिहिलं तेही आठवत नाही.

हरकतीच्या अर्जावर एकेचाळीस जणांची नावं झाली; पहिला अंगठा दुर्गव्वाचा. पण कारकुनाने नकाशा पुढे करून विचारलं, बाई, यात ओढा दाखवा. मला दिसली ती खाली तुझी सही. अर्जाची पोच घेतली आणि बाहेर पडले.

पहिला नकाशा दे, असं मी म्हणणार नाही. तुझ्या घरात पाळणा हलायचा आहे. पण माझं मन शांत आहे असं खोटंही लिहिणार नाही. सुनावणी २ फेब्रुवारीला, अकरा वाजता. तू आलास, न आलास, तरी माझा भाऊच आहेस.

अक्का


हुबळी
१२ फेब्रुवारी १९८७

ती. अक्कांना,
सुशीलाचा सविनय जयभीम. वि. वि.

सुनावणीत पहिला नकाशा साहेबांपुढे ठेवून हे तुम्हांला न भेटताच का निघून आले, असं तुम्ही विचारलंत. उत्तर लिहायला दोनदा बसले आणि उठले, म्हणून मी लिहिते.

दुसऱ्याच दिवशी मालकांनी यांना काढून टाकलं. मला सगळं तेव्हा कळलं. मी खूप भांडले. नोकरी गेली म्हणून नव्हे. ओढ्याचं ओझं महिनाभर एकट्याने वाहिलं आणि मला परकी ठरवलं, म्हणून. तेव्हापासून धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यांच्या फाटकांवर उभे राहून येतात. अजून कुठे जागा नाही. घरी आले की दारापासून मोरीपर्यंत येरझाऱ्या.

ओढा धरून पुन्हा मोजणी करा, असा हुकूम झाल्याचं तुमचं पत्र काल आलं. ते वाचून दाखवलं तेव्हा हे पहिल्यांदा स्वस्थ बसले आणि पोटभर जेवले. पण ओढ्याच्या वरच्या बाजूची झाडं आधीच तोडली गेली हे ऐकून पुन्हा उठले.

डॉक्टरीणबाई मला चालायला सांगतात. रविवारी आम्ही दोघं तळ्यावर येतो. यांना तुमच्यापुढे यायची लाज वाटते, म्हणून मी पुढे चालेन, हे मागे रेंगाळतील. तुम्ही मात्र माझ्याशी बोलत बसू नका. आधी त्यांना हाक मारा.

तुमची,
सुशीला