उलट्या बाजूने उघडणारं पुस्तक

धुळे,
२ फेब्रुवारी १९९२

चि. कंचन,

जय जिनेंद्र. तुला आणि जावईबापूंना आशीर्वाद. पोटातल्या पाहुण्याला माझा वेगळा, हळूच एक.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. मलमाच्या डब्याही पोचल्या. गुडघ्यांना आराम आहे. यंदा थंडी हटता हटत नाही. सकाळी तुझी बडीमा थोरल्या जावेच्या तोऱ्यात अंगणात शेगडी पेटवून बसते, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऊब कमी आणि टोमणे जास्त मिळतात. दुकानाला नवं शटर बसवलंय. ते वर जाताना असं किंचाळतं, की आग्रा रोडवरचे ट्रकवालेसुद्धा हॉर्न वाजवायचे थांबत असतील. पाचोऱ्याहून इंदरचंदमामाने नव्या हरभऱ्याची डाळ पाठवली. तुला आवडते म्हणून निवडताना जीव भरून आला.

तू विचारलंयस, एप्रिलमध्ये बाळंतपणाला येणार की नाही, आता हो किंवा नाही सांग. सांगते. पण आधी त्या पुस्तकाबद्दल लिहू दे.

मलमाच्या डब्या फुटू नयेत म्हणून तू त्या ज्या जाडजूड चित्रांच्या पुस्तकात दाबून पाठवल्यास, ते मी टाकलं नाही. तिकडे जपानात त्याला मांगा म्हणतात, दुकानात रद्दीच्या भावाने मिळतात, असं तू लिहिलंस. गुलाबी, निळसर, खरखरीत कागद. अक्षर एक कळत नाही. पण कंचन, गोष्ट कळते गं! अक्षर न कळता गोष्ट वाचायची सवय मला जुनीच आहे. भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना आम्हाला इंग्रजी कादंबऱ्या द्यायच्या, पण प्रेमाची पानं आधी सुईदोऱ्याने टाचून. टाच इतकी बारीक, की उसवली तर लगेच दिसावी. मग आम्ही मुली टाचलेल्या पानांमध्ये काय झालं असेल ते मनानेच रचायचो. पुढे मोठी झाल्यावर त्यातली एक कादंबरी न टाचलेली हाती लागली. आम्ही रचलेलं किती तरी बरं होतं!

सासरी आल्यावर वाचन म्हणजे पोळी फुगेपर्यंतचं अर्धं पान. तुझे पप्पा वाचनालयातून पुस्तक आणायचे, कापडाच्या ताग्यात गुंडाळून, जणू जकात चुकवतायत. काय आहे त्यात, असं त्यांनी कधी विचारलं नाही. फक्त म्हणायचे, "शनिवारी परत द्यायचंय." शनिवारपर्यंत माझी कादंबरी निम्मीसुद्धा व्हायची नाही. म्हणून मी शेवट आधी वाचून ठेवायचे. किती बायका मरताना पाहिल्या मी, त्या जगल्या कशा ते कळायच्या आत.

तर त्या चित्रांतली बाई. अंबाडा, साधा झगा, हातात पिशवी. पहिल्या पानावर ती स्टेशनावर उभी. मग पावसातला पूल, गल्ली, दार. आत बुटक्या टेबलाशी नवरा आणि म्हातारी सासू. ही येऊन बसते, जेवते, आणि शेवटच्या चित्रात खिडकीपाशी तांदूळ धुते. मी सगळ्यांच्या तोंडात वाक्यं घातली. सासूला बडीमाचा आवाज दिला, तो चपखल बसला. वाटलं, बिचारी कुठे कुठे भटकून आली, शेवटी घर मिळालं. डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

चार-पाच वेळा वाचल्यावर लक्षात आलं, हिच्या वाटीतला भात खाता खाता वाढतोय. नीट पाहिलं. सासूच्या हातातली विडीही ओढता ओढता लांब होतेय. म्हणजे पुस्तकच मागच्या बाजूने उघडायचं! मी उलटी वाचत होते. मला इतकं हसू फुटलं, की तोंडात पदर कोंबूनही आवरेना.

बडीमा दारात. "कांई हुयो?"

"काही नाही, भाभीजी. ठसका लागला."

"ठसका असा दात काढून लागतो?" मग अंगणाकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "छोटीचा कोपरा म्हणजे सर्कसच झाली म्हणायची! नवरा जाऊन वर्ष नाही झालं."

ती गेल्यावर मी पुस्तक उजवीकडून वाचलं. आता बाई पहिल्या चित्रात तांदूळ धुते. जेवते. उठते. दार, गल्ली, पूल. आणि स्टेशनावर उभी राहते, तिथे गोष्ट संपते. गाडी आली की नाही, ते नाही काढलेलं.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तू दोन्ही पत्रांत एकच लिहिलंस, "या काळात कोपरा कोण पाळतं, मम्मी? तू त्यांना सांगत का नाहीस? ते तुला कोंडून ठेवतात आणि तू ऐकून घेतेस." तुला वाईट वाटतं ते कळतं. मागची खोली, एक सतरंजी, भिंतीकडची जागा. बाहेर पडायचं नाही, रंग नको, कोणाच्या मंगलकार्यात तोंड दाखवायचं नाही, ताट आत येणार. तू पाहून गेलीस तेच सगळं. माहेरच्या माणसाने साडी घेऊन यायचं आणि हात धरून उठवायचं, तोवर बसायचं. आणि मामा अजून आला नाही, असं मी तुला लिहिलं होतं.

मामा आला होता, कंचन. दिवाळीनंतर लगेच. बदामी साडी, बारीक काठाची. खोलीच्या उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "बाई, ऊठ आता. पाचोऱ्याला चल थोडे दिवस. मग परत ये घरात, मोकळी हो."

मी म्हटलं, "भाऊ, बरं वाटत नाही. पुन्हा कधीतरी."

"डॉक्टरला बोलावू?"

"नको. नुसतं बसावंसं वाटतं."

बडीमासुद्धा गोंधळली. तिने पापड-वड्यांची कामं मनाशी वाटून ठेवली होती, माझा वाटा धरून. मामा जेवला. जाताना साडी परत पिशवीत घातली. नीट घडीसुद्धा केली नाही त्याने.

मला कोणी कोंडलेलं नाही. मीच बसले आहे. तुझे पप्पा गेले, माझं अर्धं अंग गेलं, ते खरंच आहे. त्यासाठी रडते, कोणी न सांगता रडते. पण त्याच खोलीत आयुष्यात पहिल्यांदा मी एक कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मध्ये न उठता वाचली. शेजारच्या वच्छलाबाई वाचनालयातून आणून देतात, आणि डोळे लाल दिसले की घरातले समजतात, रडली असेल. कधी रडलेलीही असते, पुस्तकातल्या कोणासाठी. दाराबाहेर पाऊल टाकलं की स्वयंपाकघर आहे, हे मला उंबऱ्यावरून दिसतं. इथून उठायचं तर फक्त तिकडेच जायचं असतं. म्हणून उठले नाही. बसूनही सुख नाही गं. भिंतीचा रंग पाठीला लागला, पायांना मुंग्या येतात, दुपारी वाटतं, आपण जिवंतपणी फोटोत जाऊन बसलोय. पण उठायचं कुठे, ते सुचत नाही.

आणि आता तुझं बोलावणं. आता सांगते, गुडघे दुखतात, तिकडे थंडी सोसणार नाही, लसूण-मासळीचा वास येईल, ही सगळी कारणं खोटी होती. पासपोर्ट पप्पांनी दोघांचे काढून ठेवलेत, व्हिसाचे कागद जावईबापूंनी पाठवलेत, पप्पांचे थोरले भाईजी कुरकुर करतील पण अडवणार नाहीत. अडतं ते तुझ्या एका ओळीवर. तू किती मायेने लिहिलंस, "तू आलीस की मला स्वयंपाकाची काळजी नाही. तुझ्या हातचं खाईन आणि लोळत पडेन." मी ती ओळ वाचली आणि पत्र घडी करून ठेवलं. दोन दिवस उघडलं नाही.

आई असून असं वाटावं! मला माझीच भीती वाटली. तुझ्यासाठी डिंकाचे लाडू वळीन, तुझ्या केसांना तेल लावीन, बाळाला मांडीवर घेऊन न्हाऊ घालीन. त्यासाठी तर माझा जीव तिकडे धावतो. पण इथून निघून तुझ्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहीन, आणि तिथून मला कोणी हात धरून उठवायला येणार नाही, याची धास्ती वाटते. आपल्या लेकीच्या घरात माणूस 'बरं वाटत नाही' असंही म्हणू शकत नाही.

काल वच्छलाबाईंना मामासाठी चिठ्ठी दिली. रविवारी तो येतोय, साडी घेऊन. भाभीजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता बरी आठवण झाली! वड्या घालायच्या बाकी आहेत." मी म्हटलं, वड्या घालून जाईन.

तर कंचन, मी येते. एप्रिलच्या आधी येते. एकच मागते. दुपारचं जेवण आटोपल्यावर दिवे लागेपर्यंत मला हाक मारू नकोस. बाळ रडलं तरी आधी तू ऊठ. तेवढा वेळ माझा. मी खिडकीशी बसेन, वाचेन, नाहीतर नुसतं पुस्तक मांडीवर घेऊन बाहेर बघेन. चालेल का, ते लिही. रागावून लिहिलंस तरी चालेल.

आणि चालणार नसेल, तर तसंही स्पष्ट लिही. तरीही मी येईनच, आई आहे. मग मात्र हे पत्र फाडून टाक, आणि मी असं काही मागितलं होतं हे मला कधी आठवू देऊ नकोस.

तुझ्या उत्तराआधीच बॅग भरायला घेतलेली,
तुझी मम्मी