इराचा ताबा

मंगळवार, संध्याकाळ. नेरूळ.

इरा माझ्याकडेच राहणार! दुपारी कोर्टात निकाल झाला.

सकाळी न्यायाधीश बाईंनी माझ्या सात वर्षांच्या लेकीला एकटीलाच आत बोलावलं. आई आठवडाभर मागे लागली होती, "अगं, काय बोलायचं ते शिकव तिला. समोरचे शिकवणारच." मी नाही शिकवलं. दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालू नयेत, हे मला लहानपणी शिकवलं ते आईनेच!

बाहेर आल्यावर इरा म्हणाली, "मी सांगितलं, पप्पा वेणी मस्त घालतात. तू ओढतेस." केसांपायी केस हरते की काय! दुपारपर्यंत डोक्यात नुसती ती वेणी.

आणि निकाल देताना बाई म्हणाल्या, "मुलगी वडिलांबद्दल मोकळेपणाने चांगलं बोलते. आईने तिचं मन कलुषित केलेलं नाही. शाळा, मैत्रिणी इथेच आहेत. ताबा आईकडे, शनिवार-रविवार वडिलांकडे."

म्हणजे त्या वेणीनेच तारलं? पण मी खरंच कधी तिच्यासमोर त्याच्याबद्दल वाईट बोलले नाही? चिडून एकदा-दोनदा... बोललेच असेन.

रिक्षात इराने विचारलं, "ताबा म्हणजे आपल्या फ्लॅटचा मिळाला होता तसा?"

"हो, तसाच काहीसा."

"मग माझ्या किल्ल्या कुणाकडे?"

मी इतकी हसले की रिक्षावाल्याने वळून पाहिलं. "तुझ्याकडेच गं."

"मग एक पप्पांना देऊ?"

मी हो म्हटलं. जराही न थांबता.