सतरा नंबरची पोकळी

३ मार्च
पोचलो एकदाचा! खोली ऐसपैस, खिडकीसमोर वाळूच्या दगडाचा अख्खा कडा. कामही मजेशीर आहे. कड्यात चाळीस पोकळ्या आहेत, त्या किती खोल गेल्या ते रोज मोजायचं. जुन्या मोजणीदारानं सगळं समजावलं. दगडात ओल मुरते, ती सुकताना मिठाचे खडे धरतात आणि एकेक कण सुटा करतात. वरची साल टणकच राहते, आतून दगड पोखरत जातो. पोकळीत फक्त मोजायचा गज घालायचा, हात नाही, हे त्यानं तीनदा बजावलं. भर उन्हात हातमोजे घातले होते बेट्यानं! मला हसू आवरेना.
चौदाला माझी लेक चिमणी येणार. तिची आई गेल्यापासून माझा हात धरल्याशिवाय तिला झोप लागत नाही.

७ मार्च
सतरा नंबरनं डोकं उठवलंय. तळाशी सुटी वाळू साचते, गज तिलाच टेकतो आणि आकडा चुकतो. चुकीचा आकडा लिहायचं माझ्या जिवावर येतं. शेवटी हात घालून वाळू उपसली. आत छान गार होतं.

१० मार्च
उजवा तळवा बधिर झालाय. चहा हातावर सांडला तरी कळलं नाही. अंथरुणात वाळू. आणि सतरा नंबर तीन मिलिमीटर भरलाय. वाळूनं नव्हे, टणक दगडानं. दोनदा मोजला.

१२ मार्च
तळव्यात खळगा पडलाय. रक्त नाही, दुखत नाही. कडेला पांढरं काहीतरी, चाखलं तर खारट. गज लावला: नऊ मिलिमीटर खोल. सतरा नंबरही नऊनं भरलेला. घाबरायला हवं. मी आकडे लिहितोय.

१३ मार्च
जुन्या मोजणीदाराला फोन केला. तो म्हणाला, दगड घेतलेलं परत देत नाही. दुसऱ्या माणसाचा हात आपल्या उघड्या हातात राहिला तर मात्र खळगा भरून येतो, त्या माणसाच्या हातातून. म्हणून तो मोजे काढत नाही.
मोजे आणले. बहिणीला फोन केला, चिमणीला आणू नकोस म्हणून. त्या दोघी निघाल्या होत्या —

१४ मार्च
चिमणी आली. मोजे बघून खूप हसली. झोपताना हात मागितला. मोज्यासकट दिला —

१५ मार्च, सकाळ
मोजा जमिनीवर. तिनं कधी ओढून काढला, मला कळलंच नाही. कळणार कसं.
मोजलं. खळगा चार मिलिमीटर भरलाय.
ती झोपलीय. मूठ मिटलेली. चादरीवर वाळू —
उघडून बघतो —