उलट्या बाजूला बसणारा महादेव

सोमवार, ६ जानेवारी

महादेवचं नाव स्पर्धेच्या यादीत आलं. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा चिटणीस शैलेश, त्याने दुपारी फोन करून पक्कं सांगितलं — शब्द कोशात असला की पुरे, अर्थ सांगायची सक्ती नाही.

आठवडाभर तिथेच अडलं होतं. शैलेश म्हणे, 'काका, स्क्रॅबल म्हणजे अक्षरं जुळवून इंग्रजी शब्द करायचा खेळ. त्यांना इंग्रजी येत नाही. जोडीदार दुसरा बघा ना.' मी म्हटलं, पनवेलच्या छापखान्यात सत्तावीस वर्षं त्याने इंग्रजी खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवलेत. कोर्टाच्या नोटिसा, बँकेचे अहवाल, लग्नपत्रिका. अर्थ एकाचाही विचारू नकोस. पण कुठल्या अक्षराशेजारी कुठलं बसतं ते त्याच्या बोटांना ठाऊक आहे. माझं साप्ताहिक त्यानेच जुळवलं, एकही अंक उशिरा निघाला नाही.

जिंकेल ती जोडी जिल्ह्याच्या स्पर्धेला अलिबागला जाणार. सुकापूरला महादेवच्या घरी जाऊन सांगितलं. त्याची सून भाविका हसली. 'बाबा आणि इंग्रजी?'

महादेव म्हणाला, 'वाचायची नाय गो, जुळवायची हाय.'

बुधवार, ८ जानेवारी

पहिला सराव, माझ्याकडे. तो बोर्डाच्या उलट्या बाजूला बसला. सरळ बाजूला ये म्हटलं तर — 'नको गुरुभाऊ. खिळा हातात उलटाच असतो. सरळ अक्षर बघलं का माझा गोंधळ होतो.'

माझी वही त्याला दिली. तीन महिन्यांची मेहनत आहे. झेड असलेले तीन अक्षरी शब्द, एक्सवर संपणारे, क्यू आहे पण यू नाही असे. पाठ कर म्हटलं. त्याने वही पिशवीत टाकली, उघडलीसुद्धा नाही.

दोन डाव झाले, दोन्ही त्याने घेतले.

शुक्रवार, १० जानेवारी

किती अक्षरं उरली हे तो न मोजता सांगतो. 'ई संपत आले.' छापखान्यात ई-चा खण सगळ्यांत मोठा असायचा म्हणे, आणि तोच आधी रिकामा व्हायचा. खणाचा तळ दिसायला लागला की कळतं, तसं कळतं म्हणाला.

रविवार, १२ जानेवारी

सगळं क्रमाने लिहितो.

अंतिम फेरी, संघाचा हॉल. समोर मनिषाताई — तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या — आणि त्यांचे यजमान हरेशराव. आम्ही चव्वेचाळीस गुणांनी मागे. शैलेशने चहाची सुट्टी दिली. सगळे उठलो. महादेव एकटा बसून राहिला.

कप घेऊन परत आलो तर बोर्ड रिकामा. अक्षरं ए-पासून ओळीने लावलेली, नीट ढिगल्या करून.

छापखान्यात चहा आला म्हणजे पाळी संपली. पाळी संपली की फर्मा, म्हणजे जुळवलेलं पान, मोडायचा, खिळे आपापल्या खणात टाकायचे. सत्तावीस वर्षांची सवय. हात चालले, डोकं मागे राहिलं. त्याचं त्यालाच कळलं तेव्हा चेहरा उतरला.

हरेशराव म्हणाले, 'बोर्ड हलवला की डाव बाद. नियम आहे.' शैलेशने कागद काढून वाचला. पूर्ववत मांडता आला नाही, तरच बाद.

'आणि पूर्ववत आहे हे ठरवणार कोण?' — हरेशरावच.

कोणी काही बोलायच्या आत महादेवने मांडायला सुरुवात केली होती. उलट्या बाजूने, एकेक ओळ डावीकडून उजवीकडे. मधे थांबला नाही. अठ्ठावन्न अक्षरं, नऊ मिनिटं. 'घ्या. प्रूफ बघा.'

तेव्हा कुठे शैलेशला आठवलं, चहाआधी त्याने बोर्डाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. मोबाइल घेऊन बसला. मनिषाताई शेजारी, चष्मा सरसावून. एक घरसुद्धा चुकलं नव्हतं. कोरी सोंगटीही होती तिथेच.

मनिषाताईच म्हणाल्या, 'अहो, आता खेळा की. कशाला ताणताय?'

शेवटच्या खेळीला आमच्याकडे क्यू, आणि अजूनही चव्वेचाळीसनेच मागे. महादेव म्हणाला, 'यू चारी बोर्डावर हायत.' म्हणजे नवा यू येणार नाही. मी मनात वही उलगडत होतो. त्याने हातातले एफ, ए, क्यू, आर उचलले आणि बोर्डावरच्या एका आयभोवती बसवले. FAQIR. लाल घरावर, म्हणजे गुण तिप्पट. एक्कावन्न.

'फकीर? इंग्रजीत?' — हरेशराव. शैलेशने कोश उघडला. आहे.

'उरुसाची जाहिरात जुळवली होती,' महादेव म्हणाला. 'इंग्रजीत. दरसाल.'

सात गुणांनी जिंकलो.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. मनिषाताई माझ्याकडे तीळगूळ घेऊन आल्या, महादेवसाठी वेगळी पुडी. हरेशराव मागे उभे. 'त्यांना सांगा, राग नाही,' म्हणाले. बराच राग होता.

भाविका आता शेजारणींना बोर्डाचा तो फोटो दाखवत फिरते. 'आमचे बाबा.'

बुधवार, १५ जानेवारी

अलिबागहून निरोप. जोडी चालणार नाही, प्रत्येक संघाने एकच नाव पाठवायचं. शैलेशने परस्पर ठरवलं — जिंकलेल्या दोघांनी रविवारी अकरा वाजता एकमेकांविरुद्ध खेळावं.

सोपं आहे, वाटलं. अनुभव माझा, याद्या माझ्या. महादेवला वाईट वाटू नये एवढंच बघायचं.

गुरुवार, १६ जानेवारी

महादेव वही परत देऊन गेला. अकरा शब्दांना समासात प्रुफाच्या खुणा, लाल पेन्सिलीने. 'भाविकाच्या मोबाइलमधे कोश हाय. एकेक ताडून बघला. हे अकरा नायत. आणि फकीर राहिला होता, तो घातलाय.' मी स्वतः तपासलं. अकराच्या अकरा माझ्या चुका.

शैलेश म्हणतो, रविवारचा डाव दीड तास चालेल. माझा अंदाज, त्याच्या आधीच संपेल. अलिबागच्या सकाळच्या एसटीची वेळ महादेवसाठी विचारून ठेवली आहे.